हौसाबाईंच्या चालण्याच्या खोट्या हकिकती

सत्काराला माझा विरोध होता. सत्कारमूर्तीला बोलण्याची पाळी सर्वांत शेवटी येते आणि तोपर्यंत इतर वक्त्यांनी त्याच्या आयुष्याची हवी तशी मांडणी करून टाकलेली असते. गेल्या पावसाळ्यात कोपरगावात आमच्या डॉक्टर मंडळींनी मला शाल पांघरली, तेव्हा नेमके हेच झाले. दोन वक्त्यांनी हौसाबाईंची हकिकत सांगितली. त्या दोन हकिकती एकमेकींशी जुळत नव्हत्या आणि दोन्ही खोट्या होत्या. माझी पाळी आली तेव्हा जेवणाची ताटे मांडून झाली होती आणि श्रोत्यांचे लक्ष बासुंदीकडे होते. म्हणून संपादकांनी या अंकासाठी माझ्याकडे आठवणी मागितल्या, तेव्हा मी एका अटीवर होकार दिला. आठवणी लिहिणार नाही, दुरुस्त्या लिहीन.

मी फिजिशियन आहे. उभी हयात कोपरगावात काढली. व्यवसायाच्या उत्तरार्धात माझ्याकडे एक वेगळे काम येऊ लागले. हृदयाची आकसलेली झडप पूर्वी छाती उघडूनच बदलावी लागे आणि म्हाताऱ्या माणसाला ते झेपणार नाही, असे गृहीत धरून त्याला गोळ्या देऊन घरी पाठवत. पुढे मांडीतील रक्तवाहिनीतून नळी घालून नवी झडप बसवता येऊ लागली. मग प्रश्न बदलला. वय किती, याला पूर्वीइतके महत्त्व राहिले नाही. या देहात शिल्लक किती, उपचाराचा धक्का सोसून हे माणूस पुन्हा आपल्या पायांवर घरात वावरेल की उरलेला काळ खाटेवर काढील, हे आधी ठरवणे भाग पडले. इंग्रजीत या अवस्थेला फ्रेल्टी म्हणतात. मराठीत कोणी जर्जरता म्हणते, कोणी क्षीणता. माझे रुग्ण 'अंगात जीव न्हाई राह्यला' असे म्हणतात आणि तीच व्याख्या मला सर्वांत काटेकोर वाटते.

ती तपासण्याची रीत बाहेरच्या माणसाला हास्यास्पद वाटेल इतकी साधी आहे. रुग्णाला नेहमीच्या गतीने थोडे अंतर चालायला लावायचे. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठवायचे. मूठ आवळण्याचे एक यंत्र असते, ते दाबायला द्यायचे. वजन उतरले आहे का, जेवण कमी झाले आहे का, विसर पडतो का, आणि घरात दिवसभर काय करता, हे विचारायचे. तीन मोजमापे आणि चार प्रश्न. यंत्रे खोटे बोलत नाहीत, हे मला मान्य आहे. परंतु ज्या माणसांवर ती लावायची, ती सारी खोटे बोलतात, आणि त्यांना घेऊन येणारी त्याहून अधिक.

मला संशयी म्हणतात. ते मी नाकारत नाही. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर आले होते. छाती काढून, कवायतीत चालावे तसे ते माझ्यासमोरून चालून गेले. मुलांचे चेहरे खुलले. मी म्हणालो, "वा! आता असेच बाहेर जा आणि रिक्षात बसा." रिक्षाच्या पायरीवर त्यांचा पाय उचलेना. मागाहून कळले की मुलांनी आठवडाभर अंगणात त्यांचा सराव करून घेतला होता. तपासणी ही त्यांना पास व्हायची परीक्षा वाटली. धाकटा मुलगा तर रागावूनच म्हणाला, "साहेब, सिलॅबसच्या बाहेरचं विचारलंत तुम्ही."

उलट प्रकारही घडे. भंडारदऱ्याकडच्या डोंगरातील एका आजोबांना खुर्चीतून उठता येईना. कागदावर ते क्षीण ठरले असते. मी विचारले, "बाबा, घरी खुर्ची आहे का?" ते म्हणाले, "खुर्ची कशाला? आमी काय तलाठी हाये?" त्यांना जमिनीवर उकिडवे बसवले, तर हात न टेकता ते असे उठले की माझ्याच गुडघ्यांना लाज वाटावी.

म्हणून खरी तपासणी मी खोलीत करीतच नसे. माझ्या टेबलामागील खिडकीतून फाटक दिसते. गाडीतून कोण कसे उतरते, कोण कोणाचा हात धरते, पिशवी कोणाच्या हातात असते, हे मी आधी पाहून घेई. दुसरे म्हणजे दाराशी काढलेल्या चपला. एका पायाची चप्पल फरपटून झिजलेली असेल तर 'बाबा रोज फिरायला जातात' या वाक्याला काही अर्थ उरत नाही. चपलेचा तळ कोरा असेल तर माणूस घराबाहेर पडतच नाही. शिर्डीत हॉटेल चालवणाऱ्या एका गृहस्थांनी वडिलांना मुद्दाम नव्या चपला घालून आणले होते. त्यांच्यावर माझा संशय दुप्पट झाला.

आता हौसाबाई.

गोदावरीकाठच्या एका गावातील ऊस, कांदा आणि गाई असलेले मोठे एकत्र कुटुंब. हौसाबाईंचे यजमान कधीच वारले होते. मुलगा बाळासाहेब स्वभावाने मऊ. घराचा कारभार थोरल्या दिरांकडे, ज्यांना सारे गाव आण्णा म्हणते. आण्णा ऐंशीच्या घरातले, पांढरेशुभ्र धोतर, खणखणीत आवाज. हौसाबाई त्यांच्याहून काही वर्षांनी लहान. त्या एकदा पहाटे गोठ्यात चक्कर येऊन पडल्या. नगरच्या एका मोठ्या रुग्णालयात तपासणी झाली. झडप अतिशय आकसलेली निघाली. नवी बसवली नाही तर फार काळ तगणार नाहीत, हे उघड होते. परंतु त्याच रुग्णालयातील तरुण हृदयरोगतज्ज्ञांनी त्यांची क्षीणता मोजून निर्णय दिला की बाई फारच थकलेल्या आहेत, झडप बसवण्यात अर्थ नाही, गोळ्या द्या आणि घरी न्या.

तो निर्णय घेऊन ती मंडळी माझ्याकडे आली. मी खिडकीत उभा होतो. जीपमधून सर्वांत आधी हौसाबाई उतरल्या, कोणाचा हात न धरता, आणि सीटवरची पिशवी त्यांनीच ओढून घेतली. मग पुढच्या दाराने आण्णा उतरले. त्यासरशी बाईंनी पदर पुढे ओढला, पिशवी मुलाकडे दिली, चार पावले मागे सरल्या आणि भिंतीच्या कडेने सावकाश चालू लागल्या. क्षणात त्यांचे वय वाढले.

आत आल्यावर मी विचारले, "बाई, घरात काय काय काम करता?"

उत्तर आण्णांनी दिले. "काय बी न्हाई, डाक्टरसाहेब. आमच्यात म्हाताऱ्या मानसाला कामाला लावत न्हाईत. सुना हायेत, गडी हायेत. ही आमच्या धाकल्याची मंडळी नुसती बसून असते."

हौसाबाईंनी मान डोलावली.

"मग पहाटे गोठ्यात काय करत होत्या?"

हेही उत्तर आण्णांनीच दिले. "गेली आसंल आशीच. गाई बघाया."

पहाटे, धारांच्या वेळी, नुसती बसून असणारी बाई गाई बघायला जात नाही. मी त्यांचे हात पाहिले. विळ्याच्या मुठीचे घट्टे ताजे होते. दारातील चपला पाहिल्या. दोन्ही सारख्या झिजलेल्या, टाचेला शेण. नगरच्या कागदावर मात्र लिहिले होते: घरकाम करीत नाहीत, चालण्याचा वेग अत्यल्प, मुठीची ताकद अत्यल्प. ते लिहिणाऱ्याने ऐकले ते लिहिले आणि मोजले ते लिहिले. घराण्याच्या इभ्रतीसाठी सांगितलेले खोटे वैद्यकीय सत्य म्हणून नोंदवले गेले होते.

मी त्यांना व्हरांड्यात चालायला सांगितले. आण्णा व्हरांड्याच्या टोकाला बाकावर जाऊन बसले, म्हणजे बाईंना चालायचे होते ते थेट त्यांच्या दिशेने. एक हात पदराला, नजर फरशीवर, पाऊल जेमतेम पुढे. थोरल्या दिरासमोरून ताड ताड चालत जाणे या पिढीतील बाईला शक्य नाही, हे आमच्या भागात कोणालाही सांगावे लागत नाही. यंत्र हातात दिले तर त्यांनी ते नुसते धरून ठेवले. परक्या पुरुषांदेखत बळ दाखवायचे म्हणजे काय!

आमच्या शोभा सिस्टर हुशार. मी त्यांच्याकडे पाहून म्हणालो, "आण्णांचं ब्लड प्रेशर पाहून घ्या. आतल्या खोलीत. निवांत."

आण्णा उसळले. "मला काय धाड भरलीय? तपासायचंय तिला!"

"चेहरा लालसर दिसतोय तुमचा. झोपवून, बसवून, उभं करून, तिन्ही प्रकारे घ्यावं लागेल."

कुरकुरत ते आत गेले. सिस्टरांनी दार लावून घेतले. मी हौसाबाईंना पुन्हा उभे केले.

"आता चाला. गोठ्यात निघाल्यासारखं."

त्यांनी दाराकडे एकवार पाहिले, पदर कमरेला खोचला आणि चालल्या. मी मागे राहिलो. टोकाला पोचल्यावर त्यांना धाप लागली आणि त्या खांबाला टेकल्या. पण ती धाप झडपेची होती, हातापायांतले बळ सरल्याची नव्हती. हा भेद ओळखणे हेच तर सारे काम. खुर्चीतून त्या हात न लावता उठल्या. यंत्र असे दाबले की काटा पाहून त्या स्वतःच हसल्या.

"मघाशी का असं चालला नाहीत?"

"आण्णांच्या म्होरं?" एवढेच त्या म्हणाल्या आणि पदर पुन्हा डोक्यावर घेतला.

"तुम्हाला झडप बसवून घ्यायची आहे का?"

त्यांनी यंत्र माझ्या हातात परत दिले. "आसं कुनी ईचारलंच न्हाई आजवर," त्या म्हणाल्या. "बसवा की. काय व्हायचं ते व्हईल. पन मी काय काम करते ते आण्णांना सांगू नगा."

"त्यांना ठाऊक नाही?"

"ठावं हाय. पन सांगू नगा."

मी त्यांच्यासमोरच नगरला फोन लावला. सत्कार समारंभात पहिल्या वक्त्याने जी हकिकत सांगितली, तिची दुरुस्ती येथे येते, कारण तो वक्ता म्हणजे फोनच्या पलीकडचे हेच तरुण हृदयरोगतज्ज्ञ. व्यासपीठावर ते म्हणाले की सरांनी नाडीवर बोट ठेवले आणि अंतःप्रेरणेने ओळखले की ही बाई तरून जाईल. आम्ही सरांचा शब्द शिरोधार्य मानला. साफ खोटे. नाडीवर बोट ठेवून क्षीणता कळत नाही आणि अंतःप्रेरणा हा शब्द मी माझ्या दवाखान्यात कोणाला उच्चारू दिलेला नाही. शिरोधार्य मानणे कसे होते, तेही वाचकांनी ऐकावे.

"सर, आम्ही मोजलंय. दोनदा मोजलंय," ते म्हणाले.

"मोजलंत, मान्य. पण काय मोजलंत? व्हरांड्यात कोण बसलं होतं?"

"नातेवाईक असतील. त्याचा काय संबंध?"

"तुम्ही तिचा दिराविषयीचा आदर मोजलात. तो भरपूर आहे."

"सर, असे निर्णय भावनेवर घेता येत नाहीत."

"भावनेचं नाव मी घेतलेलं नाही. व्हरांडा रिकामा करा आणि पुन्हा चालवा. आकडा तोच आला, तर मी तुमची माफी मागायला नगरला येईन."

माफी मागण्याची वेळ आली नाही. फोन ठेवतो न ठेवतो तोच आण्णा आतून बाहेर आले. त्यांचे ब्लड प्रेशर उत्तम होते आणि त्याचाच त्यांना राग आला होता. मी त्यांना सांगितले की हौसाबाईंना पुन्हा नगरला न्यायचे आहे आणि तपासणीच्या वेळी तुम्ही तेथे थांबायचे नाही.

"म्हंजे मी तिच्या आडवा आलो, आसं म्हननं हाय तुमचं?"

"होय."

"तीस वरीस घर चालवतोय मी!"

"घर चालवा. हिला चालवताना बाहेर बसा."

बाळासाहेब खाली मान घालून उभे होते. आण्णा चपला घालून तरातरा फाटकापर्यंत गेले आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसले. त्या वेळी माझे मत असे झाले, आणि ते मी लपवत नाही, की या गृहस्थाला हा उपचार नकोच आहे. नगरच्या नकारावर माझी मोहोर उठवून घ्यायची, म्हणजे गावात कोणी बोट दाखवणार नाही, यासाठीच ते आले असावेत, असा संशय मी धरला. असे लोक मी पुष्कळ पाहिले होते.

नगरला रिकाम्या व्हरांड्यात हौसाबाई पुन्हा चालल्या, झडप बसली आणि त्या घरी परतल्या. काही महिन्यांनी माझ्याकडे आल्या तेव्हा त्या व्हरांडा ओलांडून गेल्या आणि खांबाला टेकल्या नाहीत. गोठ्याचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

सत्कारातील दुसरे वक्ते आण्णा होते. आयोजकांनी त्यांना का बोलावले, हे मला कळले नाही. माईक हातात घट्ट धरून त्यांनी सांगितले, "नगरवाल्यांनी हात टेकले. मंग मीच डाक्टरसाहेबांना म्हनलं, हिला माज्या माघारी चालवून बघा. मी म्होरं आसल्यावर ती चालायची न्हाई, हे मला ठाव हुतं. म्हनून मी उठून आत गेलो." टाळ्या पडल्या. ते आत गेले ते ब्लड प्रेशरसाठी आणि कुरकुरत गेले, याला शोभा सिस्टर साक्षी आहेत.

सत्कारानंतर थोड्याच दिवसांनी हौसाबाई नेहमीच्या तपासणीला आल्या. सोबत आण्णाच होते, पण पहिल्या भेटीपासूनच्या रिवाजाप्रमाणे ते बाहेर बसले. मी म्हणालो, "बाई, तुमच्या चालण्याची हकिकत लोक मोडतोड करून सांगत आहेत. मी ती लिहिणार आहे. त्या दिवशी तुम्ही दिरांच्या मर्यादेपोटी हळू चाललात, एवढं तुम्ही स्वतः सांगा, म्हणजे वाद मिटला."

त्या हसल्या. "समदे खोटं सांगत्यात. तुमी बी."

मी पेन खाली ठेवले.

"आण्णांच्या म्होरं मी हळू चालते, हे खरं. पन नगरला त्ये पोरगं मला चालवत हुतं तवा आण्णा तितं नव्हतंच. चहाला गेल्तं. मी आपल्या मनानं हळू चालले. मुद्दाम."

"मुद्दाम? जिवावर बेतलं होतं तुमच्या!"

"म्हनूनच की. घरात समदे म्हनायचे, आई तू आमाला पायजेस, आई तू आमाला पायजेस. मी म्हनलं, बघू तरी. डाक्टरांनी न्हाई म्हनल्यावर कोन म्हनतंय, आसं कसं, दुसरीकडं न्या. बाळू गप. सुना गप. गोळ्या आनल्या, देवाला नारळ फोडला, झालं."

"आणि माझ्याकडे? माझ्याकडे तर आण्णा समोरच होते."

"तुमच्याकडं तर लईच हळू चालावं लागलं. एकदम नीट चालले असते तर आदीचं सोंग उघडं पडलं नसतं का?"

हे मी निमूटपणे स्वीकारले, असे कोणी समजू नये. झडप बदलून ठणठणीत झालेली बाई मागच्या गोष्टींना हवे ते वळण देऊ शकते. आण्णा जीपमधून उतरताच फाटकाशी ओढलेला तो पदर मी स्वतः पाहिला आहे; त्यात सोंग नव्हते, ती आयुष्यभराची सवय होती. मी तसे त्यांना सुनावले. त्या म्हणाल्या, "बरं. तसं लिव्हा." वादात त्यांना रस नव्हता.

परंतु एक प्रश्न उरत होता आणि तो मी विचारला. "मग माझ्याकडे आणायचं कोणी ठरवलं?"

हौसाबाईंनी पदर सारखा केला आणि आवाज खाली आणला. "आण्णांनी. नारळ फुटला त्याच सांजंला बाळूला म्हनले, हे काय खरं न्हाई, जीप काढ सकाळी, कोपरगावच्या त्या भांडखोर डाक्टरकडं न्यायची. मी चुलीम्होरं हुते. मला ऐकू येतंय, हे त्यांना ठाव नव्हतं."

त्या बाहेर गेल्या, आणि मी आण्णांना आत बोलावून दार लावून घेतले. ते सावधपणे बसले. मागचा अनुभव होता. मी सरळ विचारले, "आण्णा, खरं सांगा. हौसाबाईंना माझ्याकडे आणायचं कोणाच्या मनात आलं?"

भर सभेत माईक धरून स्वतःच्या नावावर नसलेले श्रेय घेणारा हा माणूस. तो धोतराचा सोगा नीट करू लागला. थोरल्या दिराने भावजयीसाठी सकाळी जीप काढायला लावली, ही गोष्ट त्या घरात दिराने तोंडाने बोलायची नसते.

"घरच्यांनी ठरवलं," ते म्हणाले. "समद्यांनी मिळून."

मी त्या क्षणी त्यांना हटकले नाही, कारण बाहेर हौसाबाई होत्या आणि दार पातळ आहे. मात्र छापील दुरुस्ती मी येथे करीत आहे. समद्यांनी मिळून काहीही ठरवले नव्हते. आण्णांचे हे विधान त्यांच्या सभेतील भाषणाइतकेच खोटे आहे, आणि त्यांना हे मान्य नसेल तर त्यांनी माझ्या दवाखान्यात येऊन वाद घालावा.